सी भाषेची छोटी लायब्ररी मानकाप्रमाणे वागवताना

रत्नागिरीजवळच्या एका जेटीवर भरती-ओहोटीची पाणपातळी टिपणाऱ्या बोर्डासाठी मी लिहिलेली सी भाषेची छोटी लायब्ररी (प्रोग्रामांना लागणाऱ्या मूलभूत फंक्शनांचा संच) बरेच दिवस बिनबोभाट चालली. मग सहकाऱ्याने सेन्सर वाचणाऱ्या आपल्या फंक्शनला ‘रीड’ असे नाव दिले, आणि सिरियल तारेवरचे अक्षर आणायला गेलेले माझे ‘गेटचार’ पाण्याची उंची घेऊन परतू लागले. चूक माझीच होती, कारण माझे ‘गेटचार’ आतून ‘रीड’ याच नावाला हाक घालत होते, आणि हे नाव पॉझिक्सचे, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाचे, आहे. सी भाषेच्या मानकाने ते राखून ठेवलेले नसल्यामुळे कोणालाही वापरता येते.

म्हणून सुरुवात नावांपासून करावी. लायब्ररीच्या आतल्या फंक्शनांची नावे दोन अंडरस्कोअरने सुरू करावीत, आपापसात तीच हाकारावीत आणि ‘रीड’ हे नाव केवळ वीक अलायस (दुसऱ्याने तेच नाव वापरल्यास मागे हटणारे पर्यायी नाव) म्हणून बाहेर ठेवावे. तयार लायब्ररीवर ‘एनएम’ हे नावांची यादी दाखवणारे साधन चालवून बाहेर दिसणारे प्रत्येक नाव मानकाशी ताडून पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण गडगा कुठे ढासळला आहे ते त्याशिवाय कळत नाही.

आवाका आधीच ठरवलेला बरा. सी११ (सी मानकाची 2011 ची आवृत्ती) च्या फ्रीस्टँडिंग, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमशिवाय चालणाऱ्या, प्रकारात फक्त 9 हेडर (घोषणांच्या फाइली) लागतात, मजकूर छापणारे ‘प्रिंटएफ’ लागत नाही. मात्र जीसीसी हा कम्पायलर तेव्हाही मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकम्पेअर ही मेमरीतले बाइट हाताळणारी फंक्शने तुमच्याकडून मागतो. ‘मेमसेट’ साध्या लूपने लिहिले, तर ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा कम्पायलरचा भाग) तो लूप ओळखून त्या जागी ‘मेमसेट’लाच हाक घालू शकतो आणि फंक्शन स्वतःलाच बोलावत बसते. त्या फाइलपुरती लूप ओळखण्याची ही सोय बंद करावी.

वर्तनातल्या चुका अधिक लपून राहतात. दोन शब्दांची तुलना करणाऱ्या ‘स्ट्रिंगकम्पेअर’ने बाइट अनसाइन्ड (उणे किमती नसलेले) धरूनच तुलना करावी, असे मानक सांगते. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत ‘देवगड’चा पहिला बाइट 224 असतो, साइन्ड (उणे किमतींसह) धरल्यास तो उणे 32 होतो आणि देवनागरी नावे रोमन नावांच्या आधी लागतात. आमच्या एआरएम प्रोसेसरच्या बोर्डावर साधा ‘चार’ (एका अक्षराचा डेटा-प्रकार) अनसाइन्ड असल्याने हे दिसलेच नाही, लॅपटॉपवर मात्र बंदरांची यादी उलटीपालटी झाली. तेव्हा चाचण्या दोन्हीकडे चालवाव्यात. ठरावीक जागेत मजकूर लिहिणाऱ्या ‘एसएनप्रिंटएफ’ने जागा अपुरी पडली तरी पूर्ण मजकुराची लांबी परत द्यावी, प्रोग्राम संपताना चालवायची फंक्शने नोंदवणाऱ्या ‘अ‍ॅटएक्झिट’ने किमान 32 नोंदी घ्याव्यात, आणि गृहीतके तपासणाऱ्या ‘असर्ट’च्या हेडरला नेहमीचे इन्क्लूड गार्ड (तीच फाइल दुसऱ्यांदा वाचणे टाळणाऱ्या ओळी) लावू नये, कारण तो प्रत्येक वेळी नव्याने वाचला जाणे मानकाला अपेक्षित आहे.