मोठेपणी पुन्हा पुन्हा सुजणारे टॉन्सिल्स: या चुका टाळा

"वर्षात किती वेळा झालं?" डॉक्टरांनी एवढंच विचारलं आणि मी गप्प. "होतंच असतं सारखं" हे काही उत्तर नव्हे. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी घसा धरला की कार्यक्रम ठरलेला. आई मिठाच्या गुळण्यांचं पाणी ठेवणार, मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तीन गोळ्यांची पट्टी आणणार, आणि चौथ्या दिवशी छप्पनवर, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, पोहे-जलेबी, वरून जिरावनचा मसाला. मोजलं कोणी कधी? पहिली चूक ही, आणि बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच पोटातल्या.

तीन गोळ्यांचा भरवसा

मोठ्या माणसांचा घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे दुखतो. स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू कारण असतो तो साधारण ५ ते १५ टक्के वेळा. विषाणूचं दुखणं आठवड्याभरात आपसूक ओसरतं आणि श्रेय ॲझिथ्रोमायसिन, म्हणजे ती तीन गोळ्यांची अँटिबायोटिकची पट्टी, लाटतं. अंदाज घ्यायला रॉबर्ट सेंटॉर या अमेरिकी डॉक्टरने १९८१ साली सांगितलेल्या चार खुणा आजही कामी येतात: ताप, खोकला नसणे, टॉन्सिलवर पू किंवा पांढरे डाग, आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला दाबलं की दुखणाऱ्या गाठी. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर अँटिबायोटिकचा उपयोग बहुधा नाहीच. चारही खुणा जुळल्या तरी खात्री घशाच्या तपासणीनेच होते. स्ट्रेप निघालाच तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, आणि तेही डॉक्टर सांगतील तितके दिवस. रूढ कोर्स १० दिवसांचा आहे. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवणारे आमच्याकडे पुष्कळ. त्यांत मीही होतो.

एएसओची, म्हणजे स्ट्रेपविरुद्धच्या प्रतिपिंडांची, रक्ततपासणी करून आकड्यावर उपचार घेणं ही या चुकीची धाकटी बहीण. तो आकडा होऊन गेलेल्या संसर्गाची खूण असतो आणि महिनोन्‌महिने चढलेला राहू शकतो. आज घसा कशाने दुखतोय ते तो सांगत नाही.

"काढले तर प्रतिकारशक्ती जाईल"

हे वाक्य मी निदान दहा नातेवाइकांकडून ऐकलंय. त्यात तथ्य किती, हे कळायला टॉन्सिल काम कसं करतं ते पाहायला हवं. प्रत्येक टॉन्सिलमध्ये साधारण १० ते ३० खोल खाचा असतात. या खाचांचं अस्तर चाळणीसारखं विरळ असतं. तोंडातून येणारे जंतू ते टिपतं आणि आतल्या पेशींच्या हवाली करतं. त्या पेशी मग प्रतिपिंडं बनवतात. ही शाळा सगळ्यात जोरात चालते ती ४ ते १० या वयात. पुढे टॉन्सिल्स हळूहळू आक्रसतात.

वारंवार सूज आली की नेमकी ही चाळणी फाटते. तिच्या जागी जाड अस्तर येतं, जंतू आत पोचवले जात नाहीत, भोवती व्रणाची ऊती वाढते आणि प्रतिपिंडं बनणं मंदावतं. उलट खाचांमध्ये जंतूंचा चिकट थर बसतो आणि तिथे औषध नीट पोचत नाही. पहारेकऱ्याच्या चौकीतच चोरांनी बिऱ्हाड थाटावं, तशातली गत. जिभेच्या मुळाशी आणि नाकाच्या मागे याच जातीची ऊती असते, त्यामुळे मोठ्या माणसाचे टॉन्सिल्स काढले म्हणून शरीराचं संरक्षण कोसळत नाही.

म्हणून "काढूनच टाका एकदाचे" म्हणत धावायचंही कारण नाही. रूढ कसोटी अशी: एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३. ब्रिटनमधल्या २७ रुग्णालयांत ४५३ प्रौढांवर झालेला अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन वर्षांत घसा दुखण्याचे दिवस शस्त्रक्रियेच्या गटात मधोमध येणाऱ्या रुग्णाचे २३ आणि शस्त्रक्रियेविना उपचार घेणाऱ्या गटात ३० भरले. फायदा आहे, पण शस्त्रक्रिया झालेल्यांत साधारण पाचातल्या एकाला रक्तस्राव झाला. शिवाय मोठेपणी ही जखम पंधरा दिवस चांगलीच दुखते.

टोकरू नका, थांबूही नका

खाचांत अडकलेले पांढरे, दुर्गंधी येणारे खडे हेअरपिनने उकरायची सवय सोडा. जखम होते आणि रक्त येतं. जोरात गुळण्या पुरतात. राखाडी पापुद्रा घट्ट चिकटलेला दिसला तर मात्र हात न लावता दवाखाना गाठा, तो घटसर्प असू शकतो.

एकाच बाजूला असह्य दुखतंय, तोंड उघडत नाही, लाळ गिळवत नाही, आणि सराफ्यातला, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातला, कढत गराडू (तळलेला कंद) तोंडात धरून बोलावं तसा आवाज येतोय? टॉन्सिलच्या बाजूला पू साठला असेल. तो त्याच दिवशी काढून घ्यावा लागतो, गुळण्यांवर रात्र काढू नका. आणि न दुखता एकच टॉन्सिल मोठं होत असेल किंवा मानेत गाठ असेल, विशेषतः गुटखा-तंबाखू चालू असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाने ते पाहायलाच हवं.

मी शेवटी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नोंदी सुरू केल्या: तारीख, ताप किती, खोकला आहे का, आदल्या दिवशी काय खाल्लं. वर्षाअखेर नऊ खुणा झाल्या. ताप आणि पू असलेल्या फक्त तीन. दोन साध्या सर्दीच्या. उरलेल्या चारही रविवारच्या सकाळच्या, शनिवारी रात्री अकराला सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन घरी येऊन लगेच आडवं झाल्यानंतरच्या. डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं, ऑपरेशनचा विषय बाजूला ठेवला आणि आम्लपित्ताबद्दल विचारायला लागले.