ढिल्या होणाऱ्या बसबार जोडासाठी आकार लक्षात ठेवणारा वॉशर

बसबार म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या जाड पट्ट्या. त्यांचा बोल्टने आवळलेला जोड विजेचा लोड वाढला की तापतो, कमी झाला की थंड होतो. पट्टीचे ॲल्युमिनियम तापल्यावर बोल्टच्या पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. बोल्टखाली ते दबते आणि थंड झाल्यावर पकड थोडी कमी होते. पकड कमी झाली की संपर्करोध (जोडातून वीज जाताना होणारा अडथळा) वाढतो, त्याने उष्णता वाढते, आणि जोड आणखी ढिला पडतो. हे चक्र वेळीच तुटले नाही तर शेवट जळण्यात होतो.

निकेल-टायटॅनियमसारख्या स्मृतिधातूचा वॉशर इथे उपयोगी पडतो. बसवण्याआधी तो दाबून चपटा केलेला असतो. जोड ठरावीक तापमानापलीकडे गेला की तो मूळ आकाराकडे उसळतो आणि बोल्टवरचा ताण वाढवतो. म्हणजे ज्या उष्णतेने जोड बिघडतो, तीच त्याला आवळते!

निवडताना सर्वांत महत्त्वाचे रूपांतर तापमान, म्हणजे ज्या तापमानाला वॉशर उसळतो ते: ते जोडाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा वर, पण इन्सुलेशनच्या मर्यादेच्या बरेच खाली हवे. थंड झाल्यावर किती ताण टिकतो, हेही उत्पादकाला विचाराच. काही मिश्रधातू तेव्हा पुन्हा मऊ पडतात.

वॉशर नटाखाली किंवा बोल्टच्या डोक्याखाली बसवा, दोन पट्ट्यांच्या मध्ये कधीच नाही. निकेल-टायटॅनियमचा विद्युतरोध तांब्याच्या कितीतरी पट असतो. पृष्ठभाग घासून स्वच्छ करणे आणि टॉर्क रेंचने आवळणे मात्र चुकत नाही. जोड उघडलात तर तापून उसळलेला वॉशर तसाच परत लावू नका.