जंताची गोळी वर्गात देताना

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे जंतनाशक दिन दरवर्षी माझ्याच गळ्यात. १० फेब्रुवारीला गोळ्या, राहिलेल्यांना आठवडाभराने.

गोळी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, शाळकरी मुलाला एक अख्खी. घरी पाठवू नका. समोर चावून खायला लावा, वर पाणी. पोरं गालात दाबून ठेवतात आणि मागच्या खिडकीतून थुंकतात, म्हणून "आ कर" म्हणून तोंड बघाच. ताप असलेल्या, आजारी मुलाला त्या दिवशी वगळा.

पोटात जंत जास्त असतील त्याला थोडं मळमळतं, पोट दुखतं, क्वचित उलटी होते. सावलीत झोपवा, पाणी द्या. बहुधा तेवढ्याने भागतं. नाहीच थांबलं तर आरोग्य केंद्र गाठा. हे पालकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर गोळीआधी अफवा गावात पोचते.

गोड खाऊन जंत होतात, असं आज्या अजून सांगतात. खरं तर जंतांची अंडी येतात मातीतून, न धुतलेल्या हातांतून. अंकुशकृमी नावाच्या जंताची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, पुढे आतड्यात रक्त पिते. म्हणून त्याच दिवशी मी सगळ्यांची नखं कापते. नेलकटर घरून न्या, शाळेतलं कधीच सापडत नाही.