आठ नंबरची सुई आणि मोसंब्याचं टोपडं

दादरच्या दुकानात मी ऐटीत ‘आठ नंबरच्या सुया द्या’ म्हटलं आणि घोळ तिथूनच सुरू झाला. ज्या व्हिडिओवरून विणकाम शिकत होते, त्यातली बाई अमेरिकन. तिची आठ नंबरची सुई ५ मिलिमीटर जाडीची. आपल्या दुकानांत बहुतेक जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि त्यात आठ म्हणजे ४ मिलिमीटर. वर आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, तिकडे जाड. तेव्हा नंबर सोडा, मिलिमीटर मागा.

वहिनीला सातवा लागला होता आणि बाळंतविड्यात आपल्या हातचं टोपडं हवं, एवढंच माझ्या डोक्यात. मुंबईत लोकर कशाला, हे सगळ्यांनी विचारून झालं. बाळंतविड्याला थंडीची अट नसते, इतकंच सांगत राहिले.

टोपड्याला ७० टाके घालायचे होते. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके धरले तर घेर साधारण ३२ सेंटिमीटर होतो. नवजात बाळाचं डोकं ३५च्या आसपास असतं, पण विणलेलं ताणतं म्हणून घेर थोडा कमीच ठेवतात. माझी सुई बारीक, त्यात टाका निसटेल या भीतीने धागा करकचून ओढलेला. दहा सेंटिमीटरमध्ये २८ टाके बसले आणि घेर भरला २५. आईने ते टोपलीतल्या मोसंब्याला घातलं. अगदी मापात बसलं.

म्हणून आधी नमुन्याचा चौकोन विणा. मलाही कंटाळा येतो. पण पंधराएक सेंटिमीटर रुंद विणून मधल्या दहात टाके मोजले की पुढचा आठवडा वाचतो. कडेचे टाके वेडेवाकडे असतात, ते मोजू नका.

खरं शिकवलं ते शेजारच्या काकूंनी. माझं विणकाम हातात घेऊन त्यांनी एकच शब्द उच्चारला, ‘उसव.’ मग ३० टाके घालून दिले आणि सगळ्या सुया, म्हणजे ओळी, सुलट विणायला सांगितल्या. हे कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं आणि सपाट राहतं. एक सुई सुलट, एक सुई उलट ही वीण दिसायला देखणी, पण तिच्या कडा आपोआप गुंडाळतात. तो त्या विणीचा स्वभाव आहे. मी मात्र दोन दिवस स्वतःला दोष देत इस्त्री फिरवत बसले होते. अ‍ॅक्रिलिकवर, म्हणजे कृत्रिम लोकरीवर, गरम इस्त्री फिरवली की ते कायमचं लुळं पडतं, हे ज्ञान त्यातूनच मिळालं.

चौथ्या दिवशी माझ्या ३० टाक्यांचे ३७ झाले होते. सुलट विणताना धागा सुयांच्या मागे हवा. तो पुढे राहून गेला की सुईवर फुकटचा वेढा पडतो आणि मध्ये भोक दिसतं. दुसरी चूक कडेची: धागा सुईवरून मागे ओढला गेला की पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि आपण दोन टाके समजून विणतो. प्रत्येक सुई संपली की टाके मोजा. खाली निसटलेला टाका क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर आणता येतो, त्यासाठी सगळं उसवायला लागत नाही.

पहिली लोकर मध्यम जाडीची, फिक्या रंगाची आणि स्वस्त घ्या. काळ्या लोकरीत ट्यूबलाइटखाली टाके दिसत नाहीत. मे महिन्यात घामाने धागा बोटाला चिकटतो आणि वीण आवळते. काकू पंख्याखाली बसतात आणि बोटांना पावडर लावतात.

मुलुंडहून धीम्या गाडीत खिडकी मिळाली तर विणकाम छान होतं, फक्त लांब सरळ सुया नेऊ नका, शेजारणीच्या कुशीत टोचतात. गोल सुई घ्या, म्हणजे केबलने जोडलेल्या दोन आखूड सुया. त्यावर सपाट कापडही विणता येतं. स्टेशन आलं म्हणून अर्ध्यात थांबलात तर पुन्हा सुरू करताना गुंड्याकडे जाणारा धागा उजव्या सुईवर हवा. मी एकदा उलट्या दिशेने सुरुवात केली आणि घाटकोपरपर्यंत विणलेलं कुर्ल्याला उसवलं.

दुसरं टोपडं मापात झालं. शेंड्याजवळ मात्र लोकर संपली. रंगाचा तोच नंबर सांगून दुसरा गुंडा आणला, पण लेबलावरचा लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या लोकरीचा नंबर, पाहिला नाही. लॉट बदलला की रंगात उजवं-डावं होतं, म्हणून लागेल ती सगळी लोकर एकदमच घ्यावी. वरची चार बोटं जरा गडद पिवळी आहेत. वहिनीला ती डिझाइन वाटते. मी काही बोललेले नाही.