पहाटे तीनला जाग, मग झोपच नाही: मला कशाने फरक पडला

झोप लगेच लागायची, पण पहाटे तीनच्या सुमारास टक्क जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत नुसतं कूस बदलत पडायचं. जायफळाचं दूध, संध्याकाळी रंकाळ्यावर फेऱ्या, लवकर आडवं होणं, सगळं झालं. गोळी थांबली की पुन्हा तेच. जीव मेटाकुटीला आला होता.

गुण आला तो 'सीबीटी-आय'चा, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलणाऱ्या, गोळ्यांशिवायच्या उपचाराचा. जुनाट निद्रानाशावर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये हाच पहिला उपचार सांगितलाय.

आधी आठवडा-दोन आठवडे झोपेची नोंद. माझी खरी झोप सरासरी साडेपाच तास भरली, म्हणून अंथरुणातला वेळही तेवढाच: रात्री १२ ते पहाटे ५:३०. उठायची वेळ रोज तीच, रविवारीसुद्धा. सगळ्यात महत्त्वाचं हेच. मध्ये जाग आली आणि अंदाजे २० मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून बाहेरच्या खोलीत मंद उजेडात वाचायचं. झापड आली की परत. घड्याळ बघायचं नाही. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के झोप भरू लागली, की दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवायची.

सुरुवातीला दिवसा पेंग येते, त्या दिवसांत गाडी चालवू नका. फिट्स किंवा बायपोलरचा त्रास असेल, घोरताना श्वास अडकत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.