पावसाळ्यात सड्यावर फिरायला बूट घेताना

जुलैत रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, रानफुलांचे फोटो काढायला जायचं तर 'वॉटरप्रूफ' या लेबलवर जाऊ नका. घोट्यापर्यंतच्या ट्रेकिंग बुटात पाणी वरून शिरतं, आणि एकदा शिरलं की तेच वॉटरप्रूफ अस्तर त्याला बाहेरही पडू देत नाही. कोकणच्या पावसात मला पोटरीपर्यंतचे रबरी गमबूटच बरे वाटतात. वहाळ ओलांडता येतो, आणि पायाखाली फुरसं (विषारी साप) आलंच तर चपलेपेक्षा आडोसा बरा.

दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे सोबत न्या. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, पण चालताना टाच वर सरकता कामा नये; फोड तिथेच येतात. मग सगळ्यांसमोर खुशाल उकिडवे बसा! फोटो काढताना अर्धा वेळ तसंच बसायचं असतं. बुटाची कड गुडघ्यामागे रुतली तर कमी उंचीचा जोड घ्या.

तळव्याच्या खाचा खोल आणि रबर मऊ हवं, कडक प्लास्टिकचे स्वस्त बूट घसरतात. तरी शेवाळलेल्या जांभ्यावर कुठल्याच तळव्याचा भरवसा धरू नका. मोजे सुती नकोत, लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. गमबुटात घाम साचतोच.

घरी आल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा. चुलीजवळ वाळवलेत तर रबराला चिरा पडतील. आणि पडवीत ठेवलेले बूट सकाळी झटकल्याशिवाय पायात घालू नका. विंचवालाही कोरडी जागा आवडते.