लाल रेघ दिसली की... हातापायाचा ॲक्यूट लिम्फॅन्जायटिस: ओळखायचा कसा, कोड कुठला लावायचा

ॲक्यूट लिम्फॅन्जायटिस म्हणजे जंतुसंसर्गाने लसिकावाहिन्यांना अचानक आलेली सूज. आधी पेशंट बघा, रेकॉर्डवरचा कोड नंतर. बोटाला काटा लागला, टाचेला भेग पडली, मांजराने ओरखडलं, असं काहीतरी झालेलं असतं आणि एकदोन दिवसांत तिथून एक लाल, गरम, हात लावला की दुखणारी रेघ वर काखेकडे किंवा जांघेकडे चढायला लागते, तिथली गाठ (लसिकाग्रंथी) सुजते, थंडी वाजून ताप येतो. कारण बहुतेक वेळा ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस हा जंतू असतो, कधी स्टॅफ (स्टॅफिलोकोकस). सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून बोटांनी चाचपून कुठे गरम लागतंय, कुठे दुखतंय ते बघाच. रेघेच्या टोकाला पेनाने खूण करून वेळ लिहून ठेवा, पुढच्या तपासणीत ती किती सरकली ते लगेच कळतं. ताप असेल तर सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते वाढवून बघणं), जखमेत पू असेल तर त्याचंही कल्चर.

फसवणाऱ्या गोष्टीही आहेत. शीर दोरीसारखी कडक लागली तर थ्रोम्बोफ्लेबायटिस (शिरेत गुठळी होऊन आलेली सूज) असू शकतो, रेघेवर गाठींची माळ असेल आणि दुखणं फार नसेल तर स्पोरोट्रायकोसिसचा (एक बुरशीचा आजार) विचार करा, आणि रेघ गाठीकडून खाली उतरत असेल तर हत्तीरोगाच्या जंतूंचा.

आता कोडिंग, आयसीडी-१०-सीएम (आजारांच्या कोडची अमेरिकन यादी) प्रमाणे. उजवी काख एल०३.१२१, डावी १२२, उजवा हात १२३, डावा १२४, उजवा पाय १२५, डावा १२६. काखेचा कोड वेगळा आहे हे बरेच जण विसरतात. बोटांचे कोड या गटात येतच नाहीत, हाताच्या बोटाला एल०३.०२१ उजवं, ०२२ डावं आणि पायाच्या बोटाला ०४१ उजवं, ०४२ डावं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'ॲक्यूट' या एका शब्दावरून. डॉक्टरांनी नुसतं लिम्फॅन्जायटिस लिहिलं तर कोडच्या यादीचा इंडेक्स तुम्हाला थेट आय८९.१ वर नेतो, तो क्रॉनिक (जुनाट) आणि सबॲक्यूटचा (ॲक्यूट आणि क्रॉनिकच्या मधला) कोड आहे, आणि पाच दिवसांपूर्वी काटा लागलेल्या माणसाच्या रेकॉर्डवर जुनाट आजार बसतो! मला हे खरंच खटकतं कारण पुढचा डॉक्टर तेच वाचणार आहे. तापाची नोंद बघून आपल्या मनाने ॲक्यूट धरू नका, डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवा. डावं-उजवं लिहिलं नसेल तरी आधी नोट्स चाळा, एल०३.१२९ हा अगदीच काही नाही मिळालं तर.

सोबत सेल्युलायटिसही (कातडी आणि तिच्याखालच्या भागाचं इन्फेक्शन) लिहिला असेल तर त्याचा एल०३.११ गटातला कोड वेगळा द्या, फक्त गाठींचा ॲक्यूट लिम्फॅडेनायटिस (लसिकाग्रंथींची सूज) असेल तर एल०४.२ हाताला, एल०४.३ पायाला. कल्चरमध्ये आलेला जंतू डॉक्टरांनी आजाराशी जोडून लिहिला असेल तर बी९५ मधला कोड जोडा, ग्रुप ए स्ट्रेपला बी९५.०, एमआरएसएला (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ) बी९५.६२. आणि ॲडमिट होतानाच सेप्सिस (इन्फेक्शनमुळे सगळ्या शरीरावर झालेला गंभीर परिणाम) होता असं लिहिलेलं असेल तर आधी सेप्सिसचा कोड, मग लिम्फॅन्जायटिसचा.